जायकवाडीचा सरकता काठ

[पडद्यावर: पैठणची धरणभिंत. सगळे दरवाजे बंद. वाऱ्याचा आवाज.]

जुलै लागला की मराठवाड्यात एकच आकडा विचारला जातो. जायकवाडी किती टक्के? परभणीच्या बसस्टँडवर, जालन्याच्या मोंढ्यात, गेवराईच्या हॉटेलात चहा येण्याआधी हा आकडा येतो. इथलं आभाळ कोरडं असलं तरी एक वेळ चालतं. पाऊस लागायला हवा तो इगतपुरीला, त्र्यंबकच्या डोंगराला. तिकडची धरणं भरली की नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून पाणी सुटतं, गोदामाय फुगते, आणि नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, टक्का हलतो.

हा टक्का मोजतो फक्त हुकमी पाणी. धरणाची एकूण क्षमता 2,909 दशलक्ष घनमीटर. त्यातला 2,171 दशलक्ष घनमीटर जिवंत साठा, म्हणजे कालव्यात सोडता येणारं पाणी. त्याच्या खाली राहतो तो मृत साठा, 738 दशलक्ष घनमीटर, म्हणजे 26 टीएमसी. त्यातली काही जागा गाळानं खाल्ली आहे, ते वेगळं. पण ज्या सकाळी ‘जायकवाडी शून्यावर’ असा मथळा छापून येतो, त्या सकाळीही तलावात भरपूर पाणी असतं. मरळ माशाला जिवंत साठा कुठं संपला आणि मृत साठा कुठं सुरू झाला याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याचा सगळा हिशेब वेगळ्याच गोष्टीवर चालतो. आज काठ कुठं आहे?

[पडद्यावर: जलाशयाचा नकाशा. भरलेल्या तलावाची निळी कड, मग ती हळूहळू आत सरकते.]

18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. भिंत जवळपास दहा किलोमीटर लांब, दरवाजे 27. मागं पाण्याखाली गेलेली जमीन साधारण 350 चौरस किलोमीटर. गंगथडीची कितीतरी गावं त्यात गेली, काळ्या कसदार रानांसकट.

आता साधा भागाकार करून बघा. एकूण पाण्याला क्षेत्रफळानं भागलं, तर काठोकाठ भरलेल्या नाथसागराची सरासरी खोली येते जेमतेम आठ-साडेआठ मीटर. सह्याद्रीतलं कोयनेसारखं धरण खोल दरीत उभं आहे. इथं दरी नाहीच. गोदावरीचं खोरं सपाट, त्यामुळं हा जलाशय परातीसारखा पसरलाय. परातीत पाणी थोडं कमी झालं तरी कडा उघडी पडते. नाथसागरात पातळी एक मीटर उतरली, की उताराच्या मानानं काठ काही ठिकाणी शेकडो मीटर आत सरकतो. ऑक्टोबरात जिथं भोई जाळं टाकतो, तिथंच फेब्रुवारीत हरभऱ्याला घाटे धरलेले असतात.

पाटबंधारे खात्याच्या कागदावर मात्र काठ ठरलेला आहे. पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून 1,522 फूट. त्या रेषेच्या आतली जमीन संपादित, बाहेरची खातेदाराची. पाणी त्या रेषेला टेकतं चांगल्या वर्षी, आणि तेही थोडेच दिवस. उरलेलं सगळं वर्ष काठ फिरतीवर असतो.

[पडद्यावर: पाण्याखालचं दृश्य. हिरव्या लांबट फांद्या, मध्ये तिरपा प्रकाश.]

काठाला एवढं महत्त्व कशासाठी? उत्तर उजेडात आहे.

हे हायड्रिला. इथं सगळ्याच पाणवनस्पतींना शेवाळ म्हणायची पद्धत आहे, पण हिला खोड आहे, मुळं आहेत, फूलही येतं. पानाच्या कडेला बघा. टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा धरलाय. मोठा झाला, सुटला, वर गेला. त्याच्या जागी दुसरा. ऊन आहे तोवर ही माळ चालू राहते. बुडबुड्यात प्राणवायू आहे, आणि तो ज्या पाण्यात विरघळतो त्याच पाण्यात माशांची पिल्लं, गोगलगाई, चतुरांच्या अळ्या श्वास घेतात. ढग आले की माळ तुटते. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरूनच जगतात, म्हणून दाट वाढीच्या पाण्यात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. भल्या पहाटे मासे तोंड वर काढून उबळ्या देताना दिसतात ते यामुळं.

तळाला मूळ धरणाऱ्या वनस्पतीला तळापर्यंत ऊन पोचायला लागतं. पावसाळ्यात गोदावरी काळ्या मातीचा गढूळ लोंढा घेऊन येते, तेव्हा ऊन हातभर खोल जाणंही मुश्कील. गाळ बसल्यावर पाणी निवळतं आणि उथळ भागात हिरवळ धरते. मधला खोल भाग तसाच राहतो. तिथं वरच्या थरात तरंगतं सूक्ष्म शैवाल असतं, त्यावर जगणारे बारीक जीव असतात, त्यांना खाणारे मासेही असतात. पण तळ अंधाराचा. म्हणजे नकाशावर सगळ्यात निळा दिसणारा भाग हा तलावाचा गरीब भाग, आणि पिवळट-मळकट दिसणारी कड ही श्रीमंत.

1887 साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात स्टीफन फोर्ब्ज या अभ्यासकानं तळं म्हणजे एक छोटं जगच असं मांडलं. एका माशाबद्दल विचारायचं असेल, तर तो ज्यांना खातो, जे त्याला खातात आणि जे त्याच्याशी घासासाठी झगडतात, त्या सगळ्यांबद्दल विचारावं लागतं. पुढं परिसंस्था ही कल्पना 1935 मध्ये इंग्लंडच्या टॅन्सलींनी मांडली, तिची ही आजी म्हणायला हरकत नाही. पण फोर्ब्ज बघत होते ती तळी नदीकाठची होती, पुरात नदीशी एक होणारी. पूर चढला की मासे वाढतात, उतरला की दाटीवाटी होते, हे त्यांनी तेव्हाच टिपलं होतं. त्यानंतर शंभर वर्षांनी, 1989 मध्ये, वोल्फगांग युंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमेझॉनच्या पूरमैदानांच्या अभ्यासातून हीच गोष्ट सिद्धांताच्या रूपात मांडली. जी पट्टी कधी जमीन असते आणि कधी पाणी, तिथंच खरी कमाई होते. उघडी पडली की मातीला हवा लागते, काडीकचरा कुजतो, गवत उगवतं. पाणी परत चढलं की ते सगळं पोषण पाण्यात मोकळं होतं.

ॲमेझॉनला ही लय नदी देते. जायकवाडीत ती देतं कालव्याचं आवर्तन, म्हणजे पिकांसाठी पाळीपाळीनं सोडलं जाणारं पाणी. डावा कालवा 208 किलोमीटर, उजवा 132. रब्बीची पाळी सुटली की काठ मागं हटतो, उन्हाळी पाळी सुटली की आणखी मागं. वर छत्रपती संभाजीनगरची तहान आहे, कारखाने आहेत, आणि इतक्या पसरट पाण्यावर मराठवाड्याचं ऊन आहे, ते तर सुट्टीच घेत नाही.

[पडद्यावर: डिसेंबर. उघडा पडलेला चिखल, दूरवर पक्ष्यांची रांग. कॅमेरा जमिनीला टेकलेला.]

डिसेंबरात इथं या. पाणी रोज वीतभर, हातभर मागं जातंय आणि रोज ताजा चिखल उघडा पडतोय. या चिखलाला वास आहे, सडक्या अंड्याच्या जवळ जाणारा. वरचा थर भुरा, बोट घातलं की खाली काळा. काळ्या थरात प्राणवायू जवळजवळ नाही. तरी त्यात कोण राहतंय ते पाहा. ही लाल अळी, अर्ध्या बोटाएवढी, नळीत वळवळणारी. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीची ही अळी. तिचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तात असतं त्याच जातकुळीचं द्रव्य. चिखलातला थोडाथोडका प्राणवायू ओढून धरायला तिला ते लागतं.

आणि या अळीसाठी पाहुणे आलेत, त्यातले बरेच हजारो किलोमीटरवरून.

शेकाट्या लांब गुलाबी पायांवर पोटरीभर पाण्यात चालतो आणि पाण्यातले किडे टिपतो. छोटा टिलवा चिमणीएवढा, तो ओल्या चिखलाच्या वरवर शिवणयंत्राच्या सुईगत चोच मारत पळतो. काळ्या शेपटीचा पाणटिवळा चोच डोळ्यांपर्यंत रोवतो. एवढी लांब चोच चिखलात उघडायची तर जोर केवढा लागेल! पण त्याला पूर्ण चोच उघडावी लागत नाही. चोच मिटलेली ठेवून फक्त वरच्या चोचीचं टोक वर उचलता येतं. त्या टोकाला स्पर्श कळतो. अळी लागली, टोक उघडलं, पकडली. थोडं खोल पाण्यात थापट्या बदक चोच पाण्याला टेकवून पोहतोय. त्याच्या चोचीच्या कडेला बारीक दातेरी गाळणी आहे. त्याच्याही पुढं चमचा पक्षी मान डावी-उजवीकडं फिरवत जातो. कधी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, तेव्हा ते चोच उलटी धरून पाणी गाळतात.

सगळे एकाच ताटावर बसलेत आणि भांडण फारसं नाही. पायाची उंची, चोचीची लांबी, खाण्याची तऱ्हा यांनी वाटण्या करून ठेवल्या आहेत. जीवशास्त्रात याला संसाधनांची वाटणी (रिसोर्स पार्टिशनिंग) म्हणतात. पण या वाटण्या टिकतात त्या काठाला उतार आहे आणि पाणी सावकाश हटतंय तोवरच. पाणी एकदम हटलं तर चिखल उन्हानं कडक होतो, भेगाळतो, आणि पाणटिवळ्याची चोच त्यात शिरत नाही. उलट पाणी हटलंच नाही, तर चिखल उघडाच पडत नाही. तुडुंब वर्षी आपण खूश असतो, चिखलातल्या पाहुण्यांची मात्र पंचाईत होते.

[पडद्यावर: मुग्धबलाक, जवळून.]

हा मात्र पाहुणा नाही, इथलाच. मुग्धबलाक. चोच मिटली तरी मध्ये फट राहते, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं चोच मोडलीय. पाण्यातून त्यानं गोगलगाय काढली. शंख फोडायच्या भानगडीत तो सहसा पडत नाही. खालच्या चोचीचं टोक शंखाच्या तोंडातून आत घालतो, ज्या स्नायूनं गोगलगाय शंखाला चिकटलेली असते तो कापतो आणि झटक्यात मांस बाहेर. रिकामा शंख तसाच पाण्यात पडतो. काठावर चालताना पायाखाली असे अख्खे शंख लागतात.

[पडद्यावर: गाळपेर जमीन. हिरवा गहू, मागं पाणी.]

याच पट्टीवर आणखी एक जीव अवलंबून आहे. माणूस.

पाणी हटलेल्या जमिनीला इथं गाळपेर म्हणतात. जमीन सरकारची, आणि तिथं प्रकल्पग्रस्तांना वर्षापुरती पेरणी करू देण्याची पद्धत आहे. ज्याच्या बापजाद्यांचं रान तलावात गेलं, तो त्याच रानावर पाणी उतरल्यावर परत जातो. ओल टिकून असते, गाळ सुपीक असतो, पहिलं पाणी द्यावं लागत नाही. हरभरा, गहू, पुढं टरबूज, काकडी. 2018-19 च्या दुष्काळात गाळपेरावर चारापिकं घ्यायची योजना सरकारनं राबवली. माणसाच्या आणि गुराच्या पोटाचा प्रश्न असताना इथं कोणी चिखलातल्या अळीची कड घेऊ नये, हे मलाही मान्य आहे.

पण रात्र पडली की गाळपेरावर दुसरे वाटेकरी उतरतात. पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस मंगोलिया, तिबेट, लडाखच्या पठारांवरून हिमालय ओलांडून येतात. त्या उंचीवरच्या विरळ हवेत उडायला त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू जास्त घट्ट पकडतं. चिखलातली अळी आणि हिमालयावरचा हंस, दोघांची अडचण एकच होती. दिवसा ते पाण्यावर झोपा काढतात, अंधारात शेताच्या कोवळ्या पात्या खातात. शेतकऱ्याचं नुकसान होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. कांड्या करकोचेही हरभऱ्याच्या रानात उतरतात. हेच पक्षी परत पाण्यावर जाऊन विष्ठा टाकतात, म्हणजे रानातलं नत्र आणि स्फुरद तलावात पोचतं. थोडं असेल तर त्यावर शैवाल वाढतं, मासे पोसतात. गाळपेरावरची रासायनिक खतं मात्र पाणी चढल्यावर थेट तलावात विरघळतात, आणि त्यांना पंखांची गरज लागत नाही. पोषण फार झालं की पाणी हिरवंगार होतं, आणि मेलेलं शैवाल कुजताना प्राणवायू संपवतं. माझी हरकत पेरणीला नाही. पाण्याच्या कडेच्या अगदी शेवटच्या ओळीपर्यंत औत घालण्याला आणि तिथं फवारणी करण्याला आहे.

[पडद्यावर: माळरान. वाळलेलं सोनेरी गवत, बोरी-बाभळी.]

काठाच्या वर चढलं की माळ लागतो. मराठवाड्याचा मूळ चेहरा हाच. पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. खाली बेसाल्टचा खडक, वर मुरमाड पातळ माती. अशा जागी घनदाट जंगल होत नाही. कुसळी, पवन्या, मारवेलसारखी गवतं, मध्ये बोर, हिवर, बाभूळ, खैर. जगाच्या नकाशावर हा उष्ण कटिबंधातला गवताळ, काटेरी प्रदेश. सरकारी दप्तरात पडीक. हा पडीक शब्द फार महागात पडलाय. माळ मोकळा दिसला की कोणाला तिथं झाडं लावावीशी वाटतात, कोणाला प्लॉट पाडावेसे वाटतात. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांना मोकळाच माळ लागतो. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या ससाणे गवतावर दोन हात उंचीवरून तरंगत नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतातच, जमिनीवर बसतात. तिथं झाडांची दाटी केली तर त्यांना बसायला जागा उरत नाही.

माळ आणि तलाव हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात. पखुर्डीला हे माहीत नाही. माळावर, उघड्या जमिनीवर अंडी घालणारा हा कबुतराएवढा पक्षी. दाणे कोरडे, त्यामुळं रोज पाणी लागतंच. सकाळी थवे काठावर येतात. पिल्लं उडू शकत नाहीत, म्हणून नर पाण्यात पोट टेकवून बसतो, पोटाची पिसं भिजवतो आणि तसाच ओला माळाकडं उडतो. त्या पिसांची घडणच पाणी धरून ठेवणारी असते. पिल्लं ती पिसं चोचीत धरून पाणी ओढतात. काठ जितका दूर, तितकी वाटेत पिसं सुकणार.

[पडद्यावर: एप्रिल. तलावातलं खडकाळ बेट, नदी सुरयांची वसाहत.]

उन्हाळ्यात पाणी उतरलं की तलावातल्या टेकड्या बेटं होऊन डोकं वर काढतात. नदी सुरय याचीच वाट बघत असतो. घरटं म्हणजे वाळूतला एक खळगा, अंडी मातीच्या रंगाची. चहूबाजूंनी पाणी हीच राखण. पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं, आणि मग एका रात्रीत गावची कुत्री चालत बेटावर जातात. कालव्याचं एक आवर्तन आठवडाभर मागंपुढं झालं तर काय फरक पडतो, असं विचारणाऱ्याला हे बेट दाखवावं.

[पडद्यावर: थर्माकोलचा चप्पू, जाळं ओढणारे हात.]

पाण्यातही सगळं मूळचं नाही. कटला, रोहू, मृगल यांचं बीज सोडावं लागतं, कारण त्यांना अंडी घालायला वाहतं पुराचं पाणी हवं असतं, आणि धरणानं नेमकं तेच अडवलंय. तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, भारतात आणली 1952 साली. तिला साचलेलं पाणी चालतं, गढूळ चालतं, आणि मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते म्हणून ती टिकतेही जास्त. इथले लहान देशी मासे आणि मरळ यांना अंडी घालायला लागतो नुकताच बुडालेला गवताळ काठ. तो काठ जिथं नांगरून साफ केलेला असतो, तिथं त्यांना आडोसा नाही. भोयाला विचारा, जाळ्यात आता काय जास्त येतं. चिलापी, हे उत्तर तो जाळ्याकडं न बघताच देतो.

[पडद्यावर: अभयारण्याचा फलक, मागं पाणी.]

1986 मध्ये जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झालं. पाणी पाटबंधाऱ्याचं, पक्षी वनखात्याचे, मासेमारीचा ठेका तिसऱ्याचा, गाळपेर महसुलाच्या आणि पाटबंधाऱ्याच्या कागदांत. वरच्या अंगाला याच गोदावरीवर नांदूर मधमेश्वर रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं, राज्यातलं पहिलं पाणथळ म्हणून. जायकवाडी त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं, पण तसा मान त्याला अजून मिळालेला नाही.

मध्यंतरी या पाण्यावर तरंगत्या सौरपट्ट्या बसवायचा प्रस्ताव आला. मासेमारांनी विरोध केला, वाद कोर्टापर्यंत गेला. वीज हवी आहे. पट्ट्यांच्या सावलीत पाण्याची वाफ कमी होते, हेही खरं, आणि मराठवाड्यात ही छोटी गोष्ट नाही. पण सावली म्हणजे हायड्रिलाच्या पानावरची बुडबुड्यांची माळ बंद. त्यामुळं किती मेगावॅट यापेक्षा कुठं, हा प्रश्न आधी विचारायला हवा. बारमाही खोल मध्यावर एक हिशेब होईल, उथळ कडेवर दुसराच. आणि उतरत्या पाण्याबरोबर त्या पट्ट्या कुठं सरकणार, मे महिन्यात त्यांच्याखाली पाणी असणार की गाळपेर, याचं उत्तर प्रकल्पाच्या नकाशात 1,522 फुटांच्या रेषेवरून मिळणार नाही. त्यासाठी काठ महिनावार मोजावा लागेल, निदान एक ओलं आणि एक कोरडं वर्ष धरून.

[नामावली.]